सोलापूरच्या मातीवर बिनगिअरची सायकल : साधा चिमटा की शॉकअप?

सायकलच्या दुकानात जाऊन ‘अण्णा, एक रेंजर दाखवा’ म्हटलं की समोर येते ती जाड टायरची, बिनगिअरची आणि पुढं शॉकअप बसवलेली सायकल. परदेशात एका गिअरची माउंटन बाइक ही बहुधा हौशी लोकांनी मुद्दाम केलेली निवड असते. आपल्याकडं ती शाळकरी पोरांची, कामावर पाळीला जाणाऱ्यांची, घरोघरी दूध घालणाऱ्यांची रोजची सायकल आहे. त्यात आता आणखी एक गट मिसळला आहे. गिअरच्या सायकली चालवून झाल्यावर परत एकाच गिअरकडं वळलेले, रविवारी पहाटे हिप्परगा तलावाच्या किंवा होटगीच्या बाजूला पाणंदी धुंडाळणारे लोक या गटात येतात. सगळ्यांच्या गरजा वेगळ्या, खिसे वेगळे, तरी एक प्रश्न सगळ्यांनाच पडतो. पुढचं चाक धरणारा चिमटा ताठ असावा की दबणारा? या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक दुसऱ्या कुठल्या तरी डोंगरावरचं असतं. इथला मुरूम, इथली काळी माती आणि इथलं ऊन हिशेबात घेतलं की उत्तर बरंच बदलतं.

जुना इतिहास थोडा पाहायला हवा, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. रस्त्याचा धक्का हातापर्यंत पोचू न देण्याचा पहिला यशस्वी उपाय म्हणजे बेलफास्टला राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये पेटंट घेतलेलं हवेचं टायर. पुढची शंभर वर्षं जगातल्या बहुतेक सायकली तेवढ्यावरच चालल्या. आपली काळी रोडस्टर बघा. २८ इंची चाकं, मागं बराच कललेला हँडलचा नळा आणि टोकाशी पुढं वळलेला लांब पोलादी चिमटा. चाक खड्ड्यात आपटलं की तो वाक किंचित लवतो आणि धक्क्याची धार बोथट होते. दुधाचे कॅन वाहणाऱ्यांनी याच चिमट्याला जादा आधारकांब्या लावल्या की लव जाते, पण वजन पेलतं. म्हणजे ताठ चिमटे सगळे सारखेच ताठ नसतात. नळीची जाडी, लांबी आणि वाक यांवर बरंच अवलंबून असतं.

माउंटन बाइकचा जन्मही बिनशॉकअपचाच. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळच्या उतारावर ‘रिपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली, तेव्हा पोरांनी आणल्या होत्या जुन्या, फुगीर टायरच्या, बहुतेक पायडल उलटं दाबून ब्रेक लागणाऱ्या सायकली. शॉकअप खऱ्या अर्थानं आला तो १९८९ मध्ये, पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्सच्या ‘आरएस-१’ या फोर्कमुळं, म्हणजे दबणाऱ्या चिमट्यामुळं. हवेवर आणि तेलावर चालणारा हा फोर्क अवघा ४८ मिलिमीटर दबायचा. पण १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत विश्वविजेतेपद स्पर्धा झाली आणि उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डनं तोच फोर्क लावून जिंकली. त्यानंतर काही वर्षांत शॉकअप हे दर्जाचं लक्षण ठरलं, आणि एकदा ते लक्षण ठरल्यावर त्याची स्वस्त नक्कल कारखान्यांतून भरभरून निघू लागली.

खरा शॉकअप आणि नक्कल यांतला फरक नीट समजून घेतल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही. चांगल्या फोर्कमध्ये दोन वेगळी कामं असतात. एका पायात स्प्रिंग असते, बहुधा कोंडलेल्या हवेची, आणि तिचा दाब चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणं पंपानं कमीजास्त करता येतो. दुसऱ्या पायात डॅम्पर असतो : तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि दबलेला फोर्क उसळी न मारता सावकाश परत येतो. स्वस्त शॉकअपमध्ये पहिलं काम कसंबसं केलेलं असतं आणि दुसरं बहुतेक वेळा नसतंच. आत लोखंडी स्प्रिंग, वर रबराचा तुकडा, थोडं ग्रीस, झालं. ही स्प्रिंग मोठ्या माणसाच्या वजनाच्या हिशेबानं बसवलेली असते. चाळीस किलोच्या मुलानं चालवली तर लहानसहान खड्ड्यांना ती हलतही नाही. मोठा खड्डा आला की दबते आणि हँडल वर फेकते. शिवाय आतल्या नळ्या एकमेकींवर इतक्या घासत असतात की बारीक खडखडाटाला फोर्क अडकूनच बसतो. ज्या थरथरीनं हाताला मुंग्या येतात ती थरथर तशीच वर येते.

दुकानात हे ओळखणं अवघड नाही. दुकानदार हँडलवर भार देऊन ‘बघा कसा दबतो’ म्हणून दाखवतो. दबतो हे बघू नका, परत कसा येतो ते बघा. झटकन उसळून वर येऊन ठक् असा आवाज झाला तर आत डॅम्पर नाही. मग पुढचा ब्रेक आवळून सायकल मागंपुढं हलवा आणि वरची नळी खालच्या नळीत जिथं शिरते तिथं बोट धरा. बोटाला खेळ जाणवला तर तो खेळ वापरानं वाढतच जाणार. नव्या कोऱ्या सायकलीतही हा खेळ सापडतो. अशा फोर्कचं वजन अडीच किलोच्या आसपास भरतं. त्याच जागी साधा पोलादी चिमटा एक-सव्वा किलोचा असतो, कार्बनचा त्याहून कमी. बिनगिअरच्या सायकलीवर चढाला गिअर हलका करायची सोय नाही, तिथं पुढं टांगलेलं हे सव्वा-दीड किलोचं जादा ओझं मांड्यांना रोज जाणवतं.

आता जमिनीकडं येऊ. सोलापूरच्या आजूबाजूची जमीन सपाट म्हणतात ते डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्यांचं मत. आडवाटेला लागलं की तीन-चार अगदी वेगळ्या जमिनी लागतात. नान्नज, मार्डी, गुळवंची, बोरामणीकडचा माळ हा मुरमाचा : वर बारीक खडी, खाली काळा कातळ, अधूनमधून मुठीएवढे दगड. वेग मध्यम असतो, धक्के बारीक आणि सतत. भीमा आणि सीना यांच्या काठाला, मंद्रूपच्या पुढं हत्तरसंग-कुडलच्या संगमाकडं जाताना, खोल काळी जमीन लागते आणि तिच्यात ऊस. जिल्ह्यात तिसाहून अधिक साखर कारखाने आहेत. गळीत हंगामात भरलेल्या ट्रॉल्या ओल्या पाणंदींवरून गेल्या की वीतभर खोल चाकोऱ्या पडतात आणि उन्हानं त्या विटेसारख्या कडक होतात. उजनीच्या कालव्यांच्या कडेनं जाणारे कच्चे रस्ते आहेत, तिथं वाहनांनी आडव्या लाटा पाडलेल्या असतात. आणि या सगळ्यांना दर दोन-चार किलोमीटरवर छेद देणारे ओढे. (माळढोकाच्या अभयारण्यात, म्हणजे नान्नजच्या गवताळ राखीव भागात, वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. तो पक्षी जमिनीवरच अंडं घालतो आणि आता इथं त्याचं दर्शन अतिशय दुर्मीळ झालं आहे. सायकल कुठल्याही चिमट्याची असो, चाक वाटेवरच राहायला हवं.)

यांतल्या ओढ्याची जागा बारकाईनं बघण्यासारखी आहे, कारण एका गिअरच्या सायकलीचा सगळा स्वभाव तिथं दिसतो. काठावरून सायकल सोडली की दहा-पंधरा मीटरचा तीव्र उतार, तळाशी गोटे आणि वाळू, आणि लगेच समोरचा चढ. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की शॉकअप खाली बसतो. नेमक्या त्याच वेळी चाक गोट्यांत शिरतं. आता फोर्कला दबायला जागा उरलेली नसते आणि पुढचा भाग खाली झुकल्यानं हँडल चंचल झालेलं असतं. तोवर चढ सुरू होतो. गिअर एकच, त्यामुळं बसून चढणं शक्य नाही. सीटवरून उठून, हँडल दोन्ही हातांनी ओढून, अंगाचं वजन एकेका पायडलावर टाकून वर यावं लागतं. प्रत्येक दाबागणिक स्वस्त शॉकअप खालीवर होतो आणि लावलेल्या जोरातला काही भाग स्प्रिंगमध्येच जिरतो. ताठ चिमट्यानं तोच ओढा ओलांडला तर तळाशी हाताला सडकून धक्का बसतो, हे खरं. पण रेषा आधी निवडली, कोपरं सैल ठेवली आणि चाक गोट्यावर आपटू न देता किंचित उचललं, तर समोरच्या चढावर एकही दाब वाया जात नाही. सायकल थेट उत्तर देते. एका गिअरवर प्रेम करणारे लोक याच थेटपणासाठी तो गिअर ठेवतात, आणि म्हणून माझ्या मते त्या सायकलीला ताठ चिमटाच शोभतो.

चांगल्या शॉकअपला लॉकआउटचा खटका असतो, त्यानं चढावर फोर्क बंद करता येतो, असं कुणी म्हणेल. येतो. पण ओढ्यात उतार संपून चढ सुरू होण्यात दोन सेकंदांचं अंतर असतं, आणि हँडलवर खटका नसेल तर हात सोडून तो फिरवायला सवड मिळत नाही. घाटाच्या लांब चढाला लॉकआउट उपयोगी, ओढ्याला नाही.

पावसाळ्यात तर काळी मातीच निकाल देते. सोलापूरला पाऊस थोडा, वर्षाला सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये. पण तेवढ्या दिवसांत काळ्या पाणंदीवर पाचशे मीटर गेलं तरी टायरवर मातीचा थर चढतो, थरावर थर बसतो, त्यात गवत आणि पाचट मिसळतं. शॉकअपच्या दोन पायांना जोडणारी कमान टायरच्या अगदी जवळून जाते. त्या फटीत माती गच्च बसली की चाक फिरायचं थांबतं. उलट, शॉकअपच्या उंचीला जुळवून बनवलेल्या ताठ चिमट्यात टायर आणि वरच्या जोडामध्ये चांगली ऐसपैस जागा असते, माती आपोआप गळून पडते. शेतावर जाणारी माणसं पावसाळ्यात रोडस्टरचे मडगार्ड काढून ठेवतात ते याच कारणानं. गिअरच्या सायकलींचा मागचा गिअर-हात अशा चिखलात मोडून पडतो. एका गिअरवाल्याची त्यातून आधीच सुटका झालेली असते. पुढच्या चाकालाही तीच मोकळीक द्यायला हवी.

उरलेल्या आठ महिन्यांत त्याच मातीची धूळ होते. शॉकअपच्या नळीवर धुळीची सील असते, तिच्या कडेला पिठासारखा बारीक फुफाटा तेलात मिसळून बसतो आणि नळीचा वरचा मुलामा घासून काढतो. चांगल्या कंपन्या ५० ते १२५ तासांच्या वापरानंतर खालचे पाय काढून, सील साफ करून, ताजं तेल घालायला सांगतात. आठवड्याला सहा तास चालवणाऱ्याला ५० तास दोन महिन्यांत भरतात. खालच्या पायांची ही सफाई घरी शिकून करता येते. डॅम्पर उघडायची हत्यारं मात्र नेहमीच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात सहसा नसतात, फोर्क पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो आणि सायकल तोवर भिंतीला टेकून उभी. स्वस्त शॉकअपची गोष्ट याहून सोपी आणि वाईट : त्याची दुरुस्ती कुणी करतच नाही. दोन पावसाळ्यांनंतर तो गंजून अडकतो किंवा खेळ वाढून खडखडू लागतो, आणि मालक तसाच चालवत राहतो.

मग शॉकअप नको तर धक्क्याचं काय करायचं? इथं पुन्हा डनलॉपकडं जावं लागतं. चिमट्याच्या निवडीपेक्षा टायरची रुंदी आणि हवेचा दाब यांनी हाताला जास्त फरक पडतो. मुरमाच्या आणि कालव्याच्या रस्त्यावरची बारीक थरथर तर टायरच सर्वांत छान शोषतं, कारण हलायला त्याला कुठलीही नळी घासावी लागत नाही. २९ इंची चाकावर २.४ इंच रुंद टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर पुढं १८ ते २० पीएसआय पुरते; २७.५ इंची चाकावर २.८ इंच टायर बसत असेल तर त्याहूनही कमी. दुकानातल्या कॉम्प्रेसरवर हवा मारणारा पोरगा सवयीनं ४० पीएसआय भरतो आणि सायकल दगडासारखी कडक होते. मग दोष चिमट्याला लागतो. स्वतःचा पंप आणि दाब मोजायचा काटा असणं हा सगळ्यांत स्वस्त शॉकअप आहे.

अडचण एकच, आणि ती आपल्याकडची मोठी : काटे. वेडी बाभूळ सगळ्या बांधांवर पसरली आहे आणि पाऊस संपला की सराटे वाळून वाटेवर पडतात. ट्यूब असलेल्या टायरमध्ये दाब फार कमी केला तर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छेद पडतात, आणि काटा लागला तर पंक्चर ठरलेलंच. म्हणून ताठ चिमटा घेणाऱ्यानं ट्यूबलेस टायर आणि आतलं भोकं बुजवणारं चिकट द्रव यांवर खर्च करावा; सराट्याची भोकं त्यानं जागच्या जागी बुजतात. मात्र सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४२-४३ अंशांवर असताना, हे द्रव लवकर वाळतं. बाटलीवर सहा महिने लिहिलेले असोत, इथं दोन-अडीच महिन्यांनी टायर हलवून आत द्रव खळखळतं का ते ऐकावं. ट्यूबच ठेवायची असेल तर दाब २५ पीएसआयच्या वर ठेवून, जाड ट्यूब आणि टायरच्या आत काटे अडवणारी पट्टी घालून भागतं, पण मऊपणा थोडा जातो. हातासाठी आणखी दोन गोष्टी आहेत : रुंद, किंचित मागं वळलेलं हँडल आणि जाड मऊ ग्रिप. करंगळीला मुंग्या येणं हे पुष्कळदा हँडलच्या कोनामुळं आणि हातावर पडलेल्या भारामुळं असतं, त्यात चिमट्याचा हात फार नसतो.

चिमटा बदलताना एक माप चुकलं तर सगळी सायकल बिघडते, म्हणून ते सविस्तर सांगतो. हँडलची खालची वाटी फोर्कवर जिथं बसते तिथपासून चाकाच्या आसाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. २९ इंची चाकाचा १०० मिलिमीटर दबणारा फोर्क या मापात ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. माणूस बसल्यावर त्यातला पाचवा हिस्सा दबतो, म्हणजे चालताना खरी उंची ४८० च्या जवळ. तेव्हा त्या जागी ४७० ते ४९० चा ताठ चिमटा हवा. २६ इंची सायकलीचा ८० मिलिमीटरचा फोर्क ४५० च्या आसपास असतो, आणि जुन्या रेंजरसारख्या सायकलीचा साधा चिमटा त्याहून चार-पाच सेंटिमीटर आखूड. गल्लीतल्या दुकानात ‘बसतोय की’ म्हणून हाच आखूड चिमटा शॉकअपच्या जागी बसवून देतात. दर २० मिलिमीटरला हँडलच्या नळ्याचा कोन सुमारे एका अंशानं उभा होतो. म्हणजे दोनहून अधिक अंशांचा फरक पडतो, पायडलाचा आसही दीड-दोन सेंटिमीटर खाली येतो. सायकल उतारावर थरथरते आणि पायडल दगडांना लागतं. मापासोबत वरच्या दांड्याचा व्यास, आटे आहेत की सरळ दांडा, ब्रेक डिस्कचा की रिमवरचा, आणि आसाची जाडी या चार जुळण्या बघूनच चिमटा मागवावा.

ताठ चिमट्यात पोलाद घ्यावं की कार्बन, याचं माझ्याकडं सरळ उत्तर आहे : या भागात पोलाद. कार्बन हलकं आणि थरथर मारणारं आहे, पण कातळाच्या धारेवर आपटून पडलेली भेग वरून दिसत नाही. पोलाद आधी वाकतं, सूचना देतं. वाकलेला चिमटा मात्र सरळ करून घेऊ नका. सायकल बाजूनं बघितली तर चिमट्याचा वरचा भाग हँडलच्या नळ्याच्या रेषेत हवा. मागं गेलेला दिसला तर तो बदलायचा. गॅसनं तापवून सरळ केलेला चिमटा पुढच्या खड्ड्यात तुटू शकतो आणि तेव्हा माणूस तोंडावर पडतो.

शॉकअपची बाजूही भक्कम आहे, आणि ती नाकारणं चूक ठरेल. तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाच्या उतारांवर किंवा पुढं सह्याद्रीतल्या दगडी घाटवाटांवर नेमानं जाणाऱ्याला १०० मिलिमीटरचा हवेचा फोर्क खरंच वेग आणि सुरक्षितता देतो. सलग दगडांवर चाक जमिनीला चिकटून राहतं, ब्रेक लागतो. मनगटाचं किंवा मानेचं दुखणं असलेल्यांनी, पन्नाशी ओलांडून तीन-चार तास कच्च्यावर बसणाऱ्यांनी तोच घ्यावा. एका गिअरवर तो खालीवर होतो हे खरं, पण हवा थोडी जास्त भरून, दबण्याचं प्रमाण पंधरा टक्क्यांवर आणून आणि डॅम्पर आवळून त्यावर बराच ताबा ठेवता येतो. अट एवढीच की फोर्क खरा हवा आणि त्याची देखभाल करायची तयारी हवी. असा फोर्क एका देशी बिनगिअर सायकलीपेक्षा महाग पडतो, हे मान्य करूनच त्या वाटेला जावं.

सगळ्यांत जास्त तळमळ वाटते ती या हौशी मंडळींबाहेरच्यांची. मुलगा आठवीत गेला, शाळा चार किलोमीटरवर आहे, म्हणून बाप पैसे साठवून सायकल घ्यायला येतो. दोन सायकली समोर असतात, एक साधी आणि एक शॉकअपची. मुलाचे डोळे दुसरीवर, आणि बापाला वाटतं थोडे जास्त पैसे गेले तरी चांगली वस्तू मिळेल. मिळते ती जड आणि लवकर खिळखिळी होणारी सायकल. त्याच जादा पैशात साध्या चिमट्याची, बरे रिम आणि बरं टायर असलेली, नीट ब्रेक लागणारी सायकल येते. सायकल विकणाऱ्यांनी हे गिऱ्हाईकाला उघडपणे सांगायला हवं आणि बनवणाऱ्या कंपन्यांनी ताठ चिमट्याच्या सायकली पुन्हा त्याच रुबाबात, त्याच रंगसंगतीत बाजारात ठेवायला हव्यात. मुलांना शॉकअपचा सोस नसतो, सायकल मोठ्या माणसांसारखी दिसावी एवढंच हवं असतं.

घरात आधीच शॉकअपची सायकल असेल तर ती टाकायची गरज नाही. टायर फ्रेमला बसेल तितकं रुंद घ्या, दाब कमी करा, ब्रेकशू नवे बसवा, फोर्कच्या नळ्या महिन्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा. ज्या दिवशी ब्रेक आवळून हलवल्यावर खेळ डोळ्यांना दिसू लागेल, त्या दिवशी वरचं माप घ्या आणि त्याच उंचीचा पोलादी चिमटा मागवा. हँडलचे कप-कोन त्याच वेळी उघडून छर्रे बदलून घ्या. ताठ चिमट्याचा धक्का पहिल्यांदा तिथंच जातो, आणि झिजलेल्या कपात नवा चिमटा महिनाभरात सैल वाजू लागतो.